उरलेली जोखीम

वर्षभराच्या अभ्यासाचा आराखडा करायला बसले की कागदावर आधी ऋतू उतरतात, विषय मागाहून येतात. दिवाळीनंतरची थंडी, मार्चअखेरची धावपळ, मे महिन्यातली पाहुण्यांची वर्दळ, आषाढातले कोंदट दिवस, मग गणपती. यांतल्या कुठल्या दिवसांत डोकं शांत असेल, कुठल्या दिवसांत घर भरलेलं असेल, रात्रपाळी कधी वाट्याला येईल, याचा अंदाज घेत मी रेघा आखते. शाळेतलं वेळापत्रक वारांचं असतं. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्याला ते ऋतूंवर बेतावं लागतं. दिवाळीचा फराळ संपला की सुरुवात करायची आणि पुढच्या वर्षीचा पाऊस ओसरला की परीक्षेला बसायचं, असं मी ठरवलं आहे.

परीक्षा सीआयएसएसपीची. सायबर सुरक्षेत काम करणारी माणसं हे नाव आदराने घेतात. १९८९ साली स्थापन झालेली आयएससी-टू ही संस्था १९९४ पासून हे प्रमाणपत्र देत आली आहे. अभ्यासाची क्षेत्रं आठ : जोखमीचं व्यवस्थापन, माहितीची जपणूक, सुरक्षेची रचना, नेटवर्क, ओळख आणि प्रवेश, तपासणी, रोजचं सुरक्षेचं कामकाज आणि सॉफ्टवेअरची सुरक्षित घडण. एप्रिल २०२४ पासून तीन तासांत कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात. १००० पैकी ७०० गुण मिळाले की उत्तीर्ण. पण नुसतं उत्तीर्ण होऊन भागत नाही. आठांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षं काम केलेलं असावं लागतं. योग्य पदवी असेल तर त्यात एका वर्षाची सूट मिळते. म्हणजे ज्याने काम केलं आहे, त्यालाच ही परीक्षा पुन्हा विद्यार्थी व्हायला सांगते. हाताला सवयीने जे येतं, त्याचं कारण विचारते.

मी पुण्यात एका सुरक्षा कक्षात काम करते. आमच्यात त्याला सॉक म्हणतात. भिंतीवर मोठे पडदे, पडद्यांवर अखंड सरकणाऱ्या ओळी. मध्यरात्री एखाद्या खात्यावर ओळीने चुकीचे पासवर्ड पडत जातात आणि मग एक बरोबर पडतो. अलर्ट उमटतो. तिकीट उघडायचं, लॉग वाचायचे, माणूस आपला पासवर्ड विसरला होता की दुसरंच कुणी आत शिरलं आहे ते ठरवायचं, आणि तिकीट बंद करायचं किंवा वर पाठवायचं. बहुतेक अलर्ट खोटे निघतात. तरी प्रत्येक अलर्ट खरा असेल असं धरूनच तो उघडावा लागतो. या कामाने माझी नजर घडवली. आता मला त्या ओळींच्या मागे जायचं आहे. हे दार इथेच का आहे, त्याला हेच कुलूप का लावलं, आणि आत असं काय ठेवलं आहे की ज्यासाठी कुणीतरी रात्रभर जागं राहावं, हे मला समजून घ्यायचं आहे.

काही महिन्यांत ही परीक्षा देणारे बरेच आहेत आणि त्यांच्या झपाट्याचं मला कौतुक आहे. मी मात्र वर्ष मागून घेतलं आहे, कारण मला विसरायला वेळ हवा आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मृतीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातले प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करी, मध्ये काही काळ जाऊ देई, आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजी. त्याला दिसलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो. बरंचसं पहिल्या काही तासांतच निसटतं आणि उरलेलं मग सावकाश ओसरतं. पाठांतर एकाच दिवशी न उरकता काही दिवसांवर पसरलं, तर कमी आवृत्त्यांत ते साधतं, हेही त्याला आढळलं. एकटाच माणूस, समोर अर्थ नसलेली अक्षरं, आणि स्वतःच्या विसरण्याची इतक्या प्रामाणिकपणे ठेवलेली नोंद. वेळापत्रक करताना मला त्या चिकाटीचा आधार वाटतो.

२००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले; काहींनी एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख आपल्याला ज्ञानासारखी भासते. पुस्तक मिटून आठवायला बसलं की खरं काय ते समोर येतं. म्हणून माझ्या आराखड्यात वाचनाच्या तासांइतकीच मिटलेल्या पुस्तकाच्या तासांना जागा आहे. सेबास्टियन लाइटनर यांच्या पद्धतीने मी कप्प्यांची पेटी करणार आहे. प्रत्येक कार्डावर एक प्रश्न. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाईल आणि उशिरा परत येईल. नाही आलं तर पहिल्या कप्प्यात येऊन उद्याच पुन्हा भेटेल.

सुरक्षेच्या क्षेत्रात हल्ली एक गोष्ट धरून चालतात, की घुसखोर आत आलेलाच आहे. भिंत कितीही उंच बांधली तरी कुणीतरी कधीतरी आत येईल. तेव्हा तो आल्यावर काय सापडेल, तो किती लवकर दिसेल, किती दालनांपर्यंत पोहोचेल, याची तजवीज आधीच करावी. दीर्घ अभ्यासाची मांडणीही मी तशीच करते आहे. मी विसरणार आहे. मुलगा आजारी पडणार आहे. ऐन आवृत्तीच्या आठवड्यात ऑडिट येणार आहे. पाळी बदलणार आहे. हे सगळं होणार असं धरूनच आराखडा उभा राहिला, तर ते घडल्यावर तो कोसळत नाही.

अभ्यासक्रमातलं पहिलं क्षेत्र जोखमीचं आणि त्याचा वाटाही सर्वांत मोठा, १६ टक्के. त्यात एक साधा हिशेब शिकवतात. एखादी घटना एकदा घडली तर किती नुकसान होईल ते काढायचं, वर्षात ती सरासरी किती वेळा घडेल त्याने गुणायचं; मग वर्षाचं अपेक्षित नुकसान हाती येतं. उपायाचा खर्च त्याहून जास्त असेल तर उपायाचा पुन्हा विचार करायचा. हा गुणाकार मला फार मोलाचा वाटतो. मनात अस्पष्ट घोंघावणाऱ्या भीतीला तो समोर बसवतो आणि विचारतो, की बाई गं, तू नक्की केवढी आहेस? आकडा मिळाला की भीतीचा आकार ठरतो, आणि जिचा आकार ठरला तिच्याशी बोलता येतं.

मग त्या जोखमीचं काय करायचं याचे चार मार्ग. ती टाळायची, कमी करायची, दुसऱ्यावर सोपवायची किंवा स्वीकारायची. आराखड्याच्या मागच्या पानावर मी हे चार रकाने पाडले आहेत. रात्रपाळीहून आल्यावर जड प्रकरण हाती घ्यायचं नाही, हे टाळणं. संकेतशास्त्र, म्हणजे क्रिप्टोग्राफी, मला अवघड जातं, म्हणून त्याला थंडीतले सर्वांत ताजे दिवस द्यायचे आणि दर महिन्याला एकदा त्याच्याकडे परत यायचं, हे कमी करणं. परीक्षेआधीच्या आठवड्यांत सकाळचा डबा आणि मुलाची शाळा नवऱ्याने सांभाळायची, हे त्याच्याशी बोलून ठरवलं आहे, हे सोपवणं. फी ७४९ अमेरिकी डॉलर, म्हणजे साठ हजार रुपयांहून अधिक, तेव्हा हा निर्णय माझ्या एकटीचा राहतच नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अभ्यासाला बसलीस की दार लावून घेत जा. बाकीचं आम्ही बघू." या घरातली ती पहिली मंजुरी.

हे तिन्ही रकाने भरून झाल्यावर चौथ्यात जे उरतं, त्याला या विषयात उरलेली जोखीम म्हणतात. सगळे उपाय केल्यावरही जी शिल्लक राहते ती. ती कधीच शून्य होत नाही. जबाबदार माणसाने ती डोळ्यांनी पाहायची, किती आहे ते समजून घ्यायचं, आणि जाणूनबुजून आपल्या नावावर घ्यायची. हा विचार मी प्रथम वाचला तेव्हा तो कारभाराचा एक नियम वाटला होता. आराखडा करत गेले तशी त्यातली माणुसकी दिसू लागली. आपण सगळं आटोक्यात ठेवू शकत नाही हे मान्य करूनही काळजी घेत राहायचं, हे त्याचं सांगणं आहे.

हिवाळा मी रचनेला आणि संकेतशास्त्राला दिला आहे. ऑग्युस्त केरकॉफ्स हा डच वंशाचा भाषातज्ज्ञ पॅरिसमध्ये शिकवत असे. १८८३ मध्ये लष्करी संकेतलेखनावर लिहिताना त्याने म्हटलं, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आजही जगभरचे बँकव्यवहार याच तत्त्वावर चालतात. संकेतांच्या पद्धती छापील आहेत, सर्वांना पाहायला खुल्या आहेत, हजारो जाणकारांनी त्या ठोकून पाहिल्या आहेत, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. पुढे १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं, की पूर्वी कधी न भेटलेली दोन माणसं सर्वांच्या देखत बोलूनही एक गुपित ठरवू शकतात आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. हे पहिल्यांदा गणितातून उमगतं तेव्हा अंगावर काटा येतो. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये देताना आपण अशाच शोधांवर विसंबलेले असतो.

याच भागात १९७०च्या दशकातले दोन नमुने आहेत. डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाड्युला यांचा नमुना गुप्तता राखतो : खालच्या दर्जाच्या माणसाने वरचं वाचू नये आणि वरच्याने आपलं खाली लिहू नये. केनेथ बिबा यांचा नमुना माहितीचा खरेपणा राखतो, आणि त्यात दोन्ही नियम बरोबर उलटे होतात : वरच्याने खालचं वाचू नये, खालच्याने वर लिहू नये. परीक्षेला बसणारे हे घोकतात, कार्डांवर बाण काढतात. माझ्या मनात मात्र ते दोन शेजारी म्हणून राहिले आहेत. लष्कराच्या कागदाला लपणं हवं असतं. रुग्णाच्या रक्तगटाच्या नोंदीला, सातबाराच्या उताऱ्याला आधी खरं राहणं हवं असतं. काय जपायचं ते ठरल्यावरच कसं जपायचं ते ठरतं. वर्षभराच्या अभ्यासातून हीच एक सवय अंगी लागली तरी मला पुष्कळ आहे.

उन्हाळा तपासणीला. आपणच नेमलेल्या माणसाने आपल्याच यंत्रणेवर, लेखी परवानगी घेऊन, हल्ला करून पाहायचा आणि कुठून आत जाता आलं ते सांगायचं, असं हे क्षेत्र. इथे मला रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका सोडत नाही. संध्याकाळी दरवाजे मिटले, तान्हं बाळ खाली घरी, आणि ती गवळण कडा उतरून गेली. जिथून कुणी उतरू शकत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, तिथून एक बाई अंधारात उतरली. महाराजांना कळल्यावर त्यांनी तिला गौरवलं आणि त्या जागी बुरूज बांधवला, असं सांगतात. सुरक्षेची अख्खी नीती या गोष्टीत आहे. हल्ला करणाऱ्यापाशी कौशल्य असतंच. त्याहून मोठी असते गरज, आणि गरजेला नकाशात नसलेली वाट दिसते. उणीव उघडी पाडणाऱ्याला शिक्षा करणारा किल्ला पुढच्या वेळी आंधळा राहतो. तिचा सन्मान करून लगेच बुरूज उभारणारा शहाणा होतो. आज मोठ्या कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरमधली उणीव प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला बक्षीस देतात. कागदावर ही पद्धत वाचताना मला तो कडा दिसत राहतो.

पावसाळ्यात आपत्ती आणि सावरणं. हा धडा महाराष्ट्रात पावसाळ्यातच वाचावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही, की संकट मोजमापाच्या बाहेरचंही येतं. या धड्यात दोन प्रश्न मध्यभागी असतात : बंद पडलेलं काम किती वेळात पुन्हा उभं राहायला हवं, आणि मधली किती वेळाची माहिती गमावली तर चालेल. दोन्ही उत्तरं संकटाआधी लिहून ठेवायची असतात, कारण पाणी गुडघ्याला लागल्यावर ती सुचत नाहीत.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला जगभर गाठलं. आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं, की त्यांना ४००० सर्व्हर आणि ४५००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्या सगळ्या पडझडीत जगभरच्या कार्यालयांतली ओळख सांभाळणारी मुख्य यंत्रं पुसली गेली होती. एक प्रत वाचली ती घानातल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. मी हे वाचते तेव्हा घानातल्या त्या अंधाराविषयी मला कृतज्ञता वाटते, आणि लगोलग मनात येतं, की एवढ्या मोठ्या घराचा जीव नशिबावर राहू नये. बॅकअप घ्यावा, तो जाळ्यापासून तोडून ठेवावा, आणि अधूनमधून परत आणून पाहावा. यातलं शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत गरजेचं.

पुण्याच्या माणसाला तर दूरची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. शनिवार ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. सोमवारी १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यावर रक्कम वळवली गेली. एकूण ९४ कोटी रुपये. पैसे देऊ का, असं एटीएम विचारतं आणि बँकेची यंत्रणा होकार किंवा नकार देते. हल्लेखोरांनी या दोघांच्या मध्ये आपली खोटी यंत्रणा उभी करून तिच्याकडून होकार देववले. गणेशखिंड रस्त्याने जाताना ते मुख्यालय दिसतं तेव्हा आठवड्याच्या सुट्टीतली आमची पाळी मला अधिक गांभीर्याने करावीशी वाटते. नेटवर्क, ओळख, कामकाज ही पुस्तकातली वेगवेगळी प्रकरणं त्या एका घटनेत एकमेकांना येऊन मिळतात. म्हणून प्रत्येक क्षेत्राच्या शेवटी अशी एक खरी घटना घ्यायची आणि आठही क्षेत्रं तिच्यावरून फिरवून पाहायची, असं मी आराखड्यात लिहिलं आहे.

आधी परीक्षा दिलेले सहकारी एक सल्ला आवर्जून देतात : उत्तर देताना तंत्रज्ञासारखा विचार करू नकोस, जबाबदारी असलेल्या माणसासारखा कर. अनेक प्रश्नांत चारही पर्याय बरोबर वाटतात आणि विचारलेलं असतं, की सर्वांत आधी काय कराल. तंत्रज्ञाचा हात लगेच तार काढायला जातो. जबाबदार माणूस आधी पाहतो, की कुणाच्या जिवाला धोका आहे का. जीव सगळ्यांत पहिला. आग लागली तर दारं आपोआप उघडली पाहिजेत, मग त्या दारांआड कितीही मौल्यवान यंत्रं असोत. ही क्रमवारी पाठ करून येणार नाही. ती वृत्तीत उतरावी लागते, आणि वृत्ती बदलायला ऋतू जावे लागतात. वर्ष मागून घेण्याचं माझं हे दुसरं कारण.

रविवारी दुपारी आईला फोन करायचा आणि त्या आठवड्यातली एक गोष्ट तिला सांगायची, हेही मी वेळापत्रकात धरलं आहे. परवा सहज करून पाहिलं. ओळख पटवायचे तीन प्रकार असतात, मी म्हणाले. तुला काय ठाऊक आहे, तुझ्याजवळ काय आहे आणि तू स्वतः कोण आहेस. पासवर्ड, फोनवरचा ओटीपी, बोटाचा ठसा. आईने थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि ओटीपी मीच कुणाला सांगितला तर?" कुठल्याही सराव-प्रश्नसंचाने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

कारण तसंच काहीसं घडलं होतं, आमच्याच सोसायटीत. निवृत्त शिक्षक असलेल्या एका काकांना व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातला माणूस, मागे कार्यालयासारखी भिंत. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाशी बोलायचं नाही. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पण आयुष्यभर सरळ मार्गाने चाललेल्या माणसाला पोलिसांच्या नावाचाच धाक फार. काकांनी मुदतठेव मोडली. त्यांच्याकडून कुठलं कुलूप उघडं राहिलं नव्हतं, कुठला पासवर्ड कच्चा नव्हता. त्यांच्या सचोटीचाच कुणीतरी किल्ली म्हणून वापर केला. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायला मी त्यांच्याजवळ बसले होते. पैशांपेक्षा त्यांना खात होती ती शरम. मी त्यांना सांगत राहिले, की काका, यात तुमचा दोष नाही. हे लोक याचाच धंदा करतात. तेव्हापासून सुरक्षा-जागरूकता हा परीक्षेतला छोटा मुद्दा माझ्यासाठी छोटा राहिलेला नाही.

या प्रमाणपत्रासोबत एक आचारसंहिता येते. तिच्यात चार कलमं आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिलं समाजाचं : समाज, सर्वांचं हित, लोकांचा विश्वास आणि सगळ्यांच्या उपयोगाच्या यंत्रणा यांचं रक्षण करा. दुसरं, सचोटीने आणि कायद्याने वागा. तिसरं, ज्यांचं काम करता त्यांची मन लावून सेवा करा. चौथं, या व्यवसायाचा मान राखा. कलमांत परस्परविरोध आला तर वरचं आधी. म्हणजे पगार देणाऱ्या मालकाच्याही आधी काका येतात, आई येते, नाव ठाऊक नसलेला खातेदार येतो. आराखड्याच्या पहिल्या पानावर, तारखांच्याही वर, मी हा क्रम लिहून ठेवला आहे.

परीक्षेच्या दिवशी संगणक प्रत्येक उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडेल. मागच्या प्रश्नाकडे परत जाता येणार नाही. शंभर प्रश्नांनंतर तो कधीही थांबेल आणि थांबला म्हणजे काय झालं हे त्या क्षणी कळणार नाही. म्हणून शेवटचे काही आठवडे मी माहिती वाढवण्याला ठेवलेले नाहीत. दिलेलं उत्तर सोडून समोरच्या प्रश्नावर पूर्ण मन आणायचं, एवढाच सराव करायचा. आणि उत्तीर्ण झाले तरी पाटी कोरी होत नाही. या क्षेत्रातल्या प्रमाणित माणसाने माझ्या अनुभवाची हमी द्यायची, आणि त्यानंतर दर तीन वर्षांत शिकल्याचे १२० गुण जमवत राहायचं. सुरुवातीला मला हे ओझं वाटलं होतं. आता ते या कामाला साजेसं वाटतं. हल्ला करणारे रोज शिकत असतील, तर राखण करणाऱ्याचं शिक्षण कुठल्या तारखेला संपणार?

जोखमींची नोंद ठेवताना आम्ही प्रत्येक जोखमीपुढे एका माणसाचं नाव लिहितो. विभागाचं नाव चालत नाही, माणसाचंच लागतं. माझ्या आराखड्याच्या चौथ्या रकान्यात आता थोड्याच गोष्टी उरल्या आहेत. सगळं करूनही मी नापास होईन. मग तीस दिवस थांबून पुन्हा बसता येतं. वर्षाअखेरीस काही धडे पुसट झालेले असतील. मी शिकेन त्यानंतर नव्या तऱ्हेचा हल्ला येईल आणि तो कुठल्याच पुस्तकात नसेल. या तिन्हींपुढे मी माझं नाव लिहिलं आहे. ते लिहिताना मनावर दडपण आलं नाही. कोणत्याही घराला, बँकेला, बंदराला पूर्ण सुरक्षितता कधी मिळाली नाही आणि मिळणार नाही. तरीही मुदतठेवी ठेवल्या जातात, जहाजं सुटतात, आई फोनवर पेन्शन जमा झाली का ते पाहते. हा भरवसा जगात चालू आहे, कारण जे उरतं ते आपल्या माथी घ्यायला तयार असलेली माणसं ठिकठिकाणी कामावर असतात. त्यांच्यातलं एक होण्याच्या लायकीचं व्हावं, म्हणून मला हे वर्ष हवं आहे.